अंजिराची पानं खाजतात

दुपारी दोन ते तीन हा तास माझा होता. बाकीच्या दिवसावर कुणाचा ना कुणाचा हक्क असायचा. पहाटेचं पाणी भरणं घराचं, सकाळचे स्वयंपाक दोन घरांचे, संध्याकाळ पुन्हा घराची. पण दोन वाजले की मी बाईंच्या खिडकीखालच्या स्टुलावर बसायचे आणि त्यांना वाचून दाखवायचे. आधी पेपर, मग त्यांच्या शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एखादं पान. असं सात वर्षं चाललं.

हे मी मुलीच्या जुन्या जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. ती ते रद्दीत टाकणार होती, मी काढून ठेवलं. लिहिण्यासारखं फार मोठं काही घडलेलं नाही. पण जे घडलं ते तोंडानं कुणाला सांगता येणार नाही. पोटच्या मुलीचा हेवा वाटला, असं कोणती आई सांगेल?

बाई म्हणजे माझ्या कामाच्या घरच्या. मुलुंडला एका जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्याला एकट्याच राहतात. मराठी ख्रिस्ती, मूळच्या नगरकडच्या. कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली. इमारतीत सगळे त्यांना मॅडम म्हणतात. मी बाई म्हणते, कारण गावच्या शाळेत शिकवणाऱ्यांना आम्ही बाईच म्हणायचो. त्यांना ते आवडलं असावं. मॅडम म्हण, असं कधी म्हणाल्या नाहीत.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता, आणि मुलीनं एवढं लांब चालत जायचं नाही असं घरात ठरलं. लग्न होऊन भांडुपला टेकडीवर राहायला आले तेव्हा मला बसच्या पाट्या वाचता यायच्या, बस्स. मी फारशी बोलणारीही नाही. चार बायकांत बसले की माझे शब्द घशातच राहतात.

बाईंची नजर हळूहळू कमी होत गेली. आजार कुठला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढं मात्र दिसायचं की त्या पेपर हातात धरायच्या, जवळ नेऊन बघायच्या, लांब धरून बघायच्या, आणि घडी घालून ठेवून द्यायच्या. एक दिवस भाजी निवडता निवडता मी त्यातला मथळा मोठ्यानं वाचला. का वाचला कुणास ठाऊक, तोंडातून गेला. बाई म्हणाल्या, "पुढे?" मी पुढे वाचलं. एका जोडाक्षराशी अडले. त्या थांबल्या. चुकलं म्हणाल्या नाहीत, शब्द पुढे केला नाही. मी तो सोडवेपर्यंत खिडकीकडे तोंड करून नुसत्या बसून राहिल्या.

मी वाचत असले की त्या कायम तशाच बसायच्या, तोंड खिडकीकडे. मला ते सोयीचं होतं. कुणी टक लावून बघत असतं तर माझ्यानं वाचवलं नसतं.

घरी हे कुणाला माहीत नव्हतं. चोरून करत नव्हते, पण सांगितलंही नव्हतं. मुलीची समजूत होती की मम्मीला सही करता येते आणि विजेच्या बिलावरची तारीख कळते, त्यापुढे काही नाही. मी ती समजूत मोडली नाही. मोडायची तर बोलावं लागलं असतं.

बाईंच्या घरामागे लहानसं आवार आहे. रुंदीला चार पावलं, लांबीला बारा, आणि सगळीकडून उंच भिंत. त्यात कढीलिंब, गवती चहा, जास्वंद, कुंडीतला अळू आणि भिंतीला लागून अंजिराचं झाड. बाईंच्या भावानं सासवडहून फांदी आणून ते लावलं होतं. मुंबईची हवा त्याला मानवत नाही. वर्षाला दहा-पंधरा अंजिरं धरतात, त्यातली निम्मी बुलबुल खातात. उरलेली बाई रोज बोटांनी चाचपायच्या आणि नरम लागलं की स्वतः तोडून बशीत ठेवायच्या. त्यातलं एखादं मला द्यायच्या. झाडाला पाणी, खत, छाटणी सगळं माझं. पण सात वर्षांत मी एकही अंजीर आपल्या हातानं तोडलं नव्हतं. मनाई कुणी केली नव्हती. माझी मीच केली होती.

आता मुलीचं सांगते. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, इंग्रजी साहित्य घेऊन. तिला एका जुन्या, नावाजलेल्या इंग्रजी गोष्टीवर प्रोजेक्ट करायचं होतं. ती गोष्ट तिनं मला मराठीत सांगितली. एका श्रीमंत साहेबाची भिंतीआडची मोठी बाग असते. त्यात तो एका माळ्याला आणि त्याच्या बायकोला राहायला खोली देतो. परदेशी जाताना सांगतो की बागेतलं काहीही खा, फक्त भिंतीजवळच्या एका झाडाला हात लावू नका. मग एक फेरीवाला भिंतीपलीकडून बायकोशी गोड बोलतो. ती फळ तोडते, खाते, नवऱ्याला देते. साहेब परत येतो, संध्याकाळी बागेत फेरी मारतो आणि दोघांना फाटकाबाहेर काढतो. एवढीच गोष्ट. पण त्यातली बाग ही ख्रिस्ती शास्त्रातल्या पहिल्या बागेचं प्रतीक कशी, ते सरांनी दाखवायला सांगितलं होतं.

मुलगी डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, मला ती पहिली बागच माहीत नाही तर मी दाखवू काय? खरंच होतं. आमच्या घरी बुद्धवंदना होते. ती बाग आमच्याकडे कुठून येणार?

मला ती बाग माहीत होती. दोनदा मोठ्यानं वाचली होती. तिच्यातल्या नद्यांच्या नावांशी मी दोन्ही वेळा अडले होते. मी सांगते, असं तेव्हा म्हणाले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण लाज आडवी आली. मी म्हणाले, "आमच्या बाईंना विचार. त्या हेच शिकवायच्या." त्यात थोडा डौलही होता. बाई किती मोठ्या आहेत ते मुलीला दाखवायचं होतं, आणि माझी मुलगी किती हुशार ते बाईंना.

शनिवारी तिला घेऊन गेले. बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, मुलीनं इंग्रजीत उत्तर दिलं, आणि बाईंचा चेहरा बदलला. तो चेहरा मी सात वर्षांत पाहिला नव्हता. मी चहा ठेवायला आत गेले. त्या दोघी बोलत बोलत आवारात गेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसत होतं. भिंतीजवळ एक अंजीर पिकायला आलं होतं. बुलबुलांपासून वाचावं म्हणून मीच त्याला फडकं बांधलं होतं आणि तीन दिवस त्याच्याकडे बघत होते. मुलीनं बोलता बोलता फडकं सोडलं आणि अंजीर तोडलं. तोडून झाल्यावर विचारलं, "मॅडम, खाऊ?"

बाई मोठ्यानं हसल्या. "आता विचारतेस होय? तोडलंस ना?" म्हणाल्या. पुढचं इंग्रजीत होतं. बहुतेक त्या बागेवरूनच काही असणार, कारण मग दोघीही हसत सुटल्या.

मी चहा गाळला. मुलीच्या कपात अर्धा चमचा साखर कमी घातली. तिला अगोड चहा आवडत नाही हे मला पक्कं माहीत होतं. ती चहा प्यायली आणि काही म्हणाली नाही. तिला कळलंच नाही. त्याचा मला आणखी राग आला.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, आज वाचन राहू दे गं, पोरीला वेळ देते. पुढच्या शनिवारीही तेच. मग बुधवारी तिचं कॉलेज लवकर सुटतं म्हणून बुधवारीही. बाईंना कितीतरी वर्षांत इंग्रजी वाचून दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं. कपाटातली पुस्तकं निघाली. मी झटकून दिली. मुलगी माझ्या स्टुलावर बसून वाचायची, नळ सोडल्यासारखं, कुठे अडणं नाही की थांबणं नाही. मी दारात बसून लसूण सोलायचे. मला एक अक्षर कळायचं नाही.

आणि एक गोष्ट मी दर वेळी बघत होते. मुलगी वाचत असली की बाई सरळ तिच्या तोंडाकडे बघायच्या. खिडकीकडे नाही. मी वाचताना ज्यांना खिडकी बघावीशी वाटायची, त्या माझ्या मुलीच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हत्या. स्टूल गेलं, अंजीर गेलं, तेवढं मी सोसलं असतं. हे फार लागलं. मी भांडी आपटत होते. कुणी विचारलं असतं तर हातातून निसटलं म्हणाले असते. कुणी विचारलं नाही.

पुढच्या एका शनिवारी बाई तिला प्रतीकं समजावत होत्या. अधूनमधून मराठीत, म्हणून मलाही कळत होतं. भिंत का आहे, फाटक कुठे आहे, साहेब संध्याकाळीच का फिरायला निघतो. मग पानांची गोष्ट निघाली. शास्त्रात असं आहे की फळ खाल्ल्यावर त्या पहिल्या दोघांना कळतं की आपण उघडे आहोत, आणि ते अंजिराची पानं एकाला एक शिवून अंगाला गुंडाळतात. मुलगी म्हणाली, म्हणजे पानं हे लाजेचं प्रतीक. बाई म्हणाल्या, बरोबर.

"अंजिराची पानं खाजतात," मी म्हणाले.

मी म्हणाले हे मलाच उशिरा कळलं. दोघी माझ्याकडे वळल्या. बाईंनी विचारलं, "काय म्हणालीस?"

"खाजतात ती. छाटणी करायची तर मी लांब बाह्यांचा जुना शर्ट घालते. पान खरखरीत असतं, पॉलिश पेपरसारखं. देठाचा चीक लागला की दोन दिवस चट्टे राहतात. अळू खाजरा निघाला तर चिंच घालता येते, ह्याला तेही नाही. ती पानं अंगाला गुंडाळली तर त्यांना धड उभंही राहवलं नसेल."

एवढं एका दमात मी त्या घरात कधी बोलले नव्हते. बाई म्हणाल्या, "तीस वर्षं मी हे शिकवलं. कुणी मला हे सांगितलं नाही. मी स्वतः हे झाड पाळलंय आणि मलाही सुचलं नाही." मग मुलीला म्हणाल्या, "बघ. लाज झाकायला जे घेतलं, तेच टोचत राहिलं." मुलगी भराभर लिहून घेत होती. त्या दिवशी मी शेअर रिक्षात बसले आणि माझा स्टॉप मागे गेला तरी मला कळलं नाही.

आठ-दहा दिवसांनी मुलगी कॉलेजातून आली ती फोनवर बोलतच. मी कणीक मळत होते. ती मैत्रिणीला सांगत होती, "अगं यार, सरांनी माझा पॉइंट अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला. पानांचा. म्हणे इतक्या वर्षांत कुणी हा विचार केला नाही. एकदम झकास."

माझा पॉइंट. माझे हात थांबले. वाटलं, आता फोन ठेवेल आणि माझ्याकडे बघून हसेल. तिनं फोन ठेवला आणि विचारलं, "मम्मी, भाजी कसली आहे?"

"दुधी," मी म्हणाले.

त्या आठवड्यात मी खोटं बोलले. मुलीला सांगितलं की बाईंच्या डोळ्यांचं दुखणं वाढलंय, डॉक्टरांनी महिनाभर आराम सांगितलाय, तू येऊ नकोस आणि फोनही करू नकोस. बाईंना सांगितलं की पोरीची परीक्षा जवळ आलीय, तिला आता जमणार नाही. चार बायकांत जिच्या तोंडून शब्द फुटत नाही तिच्या तोंडून ही दोन खोटी कशी सहज निघाली, याचं मला अजून नवल वाटतं.

तास परत मिळाला. मी पेपर वाचला, बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. सगळं होतं तसं झालं. फक्त मी अडले की आता मला मुलीचं न अडता वाचणं कानात ऐकू यायचं, आणि मी आणखी अडायचे.

एक दिवस बाई म्हणाल्या, शास्त्राची सुरुवात काढ, ती बाग पुन्हा वाच. त्या पानावर मुलीनं बसचं तिकीट खुणेला घातलेलं होतं. मी ते काढून खिशात टाकलं आणि वाचायला लागले. आधी दोनदा वाचलं होतं, पण एक गोष्ट लक्षात आली नव्हती. त्या पहिल्या माणसाला बागेत आयतं बसायला ठेवलेलं नाही. बागेची मशागत करायला आणि राखण करायला ठेवलंय. म्हणजे कामाला ठेवलंय, माझ्यासारखं. आणि संध्याकाळच्या वाऱ्याला मालक फिरायला येतो तेव्हा ही दोघं झाडांत लपतात, आणि तो हाक मारून विचारतो, कुठे आहात म्हणून. त्याला ठाऊक नसेल असं थोडंच आहे? मी दोन घरची कामं केली आहेत. ठाऊक असूनच विचारतात, आपण काय म्हणतो ते बघायला. मग तो पुरुष सगळं बायकोवर ढकलतो, आणि बायको सापावर.

तिथं मी पुस्तक मिटलं. मी म्हणाले, बाई, आज इथवरच. त्या म्हणाल्या, "बरं. थांबायला जागा चांगली आहे." त्यांना तेव्हा काही कळलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी माझ्या दुसऱ्या घरी पाहुणे होते, म्हणून बाईंकडे जायला उशीर झाला. छाटणीला हात घातला तेव्हा पाच वाजून गेले होते. घाईत शर्टही घातला नाही. आत फोन वाजला. खिडकीतून बाईंचं बोलणं ऐकू येत होतं. "कुणाच्या डोळ्यांना? माझ्या? मला काही झालेलं नाही... तुझी परीक्षा कशी चाललीय? नाही? असं का... बरं. बरं, मी बघते."

मुलीला राहवलं नव्हतं. बाईंची काळजी वाटून तिनं फोन केला होता.

मी झाडामागे सरकले. भिंत आणि झाड यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट आहे, तिच्यात जाऊन उभी राहिले. पानं दंडाला, मानेला घासत होती. बाईंना दिसत नाही, त्या चाचपडतील आणि आत जातील, मग मी चप्पल घालून निघून जाईन, असं काहीतरी डोक्यात होतं. उद्याचं काय, हे डोक्यात नव्हतं.

बाई मागच्या दारातून बाहेर आल्या, भिंतीला हात लावत, सावकाश. आवाराच्या मध्यावर थांबल्या. त्यांनी तोंड माझ्या दिशेला केलं, आणि मग फिरवून कढीलिंबाकडे वळवलं. मला वाटलं, सुटले.

कढीलिंबाकडे बघतच त्या म्हणाल्या, "तुझ्या केसात पान अडकलंय."

मी हलले नाही.

"बाहेर ये. चीक लागेल."

मी बाहेर आले. मला एवढंच विचारता आलं, "तुम्हाला दिसतं?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलाय. ज्याच्याकडे सरळ बघावं त्याच्या जागी करडा डाग येतो, त्या माणसाला चेहराच उरत नाही. कडेनं मात्र दिसतं, पुसट, पण दिसतं. म्हणून ज्याला बघायचं असेल त्याच्यापासून तोंड वळवावं लागतं. लोकांना वाटतं म्हातारीचं लक्ष नाही, आणि त्या कुणाला समजावत बसत नाहीत.

"म्हणजे मी वाचते तेव्हा..."

"मग काय सात वर्षं खिडकीतून बाहेर बघत होते? बाहेर भिंत आहे."

कसं सांगू मला काय झालं. शरमेनं मी अर्धी झाले होते, पण तोंडातून पहिला प्रश्न निघाला तो हा. "आणि पोरगी वाचते तेव्हा तिच्याकडे सरळ बघता ते?"

"तिचं नुसतं ऐकायचं असतं. ऐकायला चेहरा कशाला लागतो?" बाईंनी तोंड पुन्हा कढीलिंबाकडे केलं. "तुझं वाचणं ऐकण्यासारखं नाही गं. रडतखडत वाचतेस. पण अडलेला शब्द सुटला की तुझा चेहरा बघण्यासारखा होतो."

मग त्यांनी विचारलं, खोटं का बोललीस? पोरगीच म्हणाली येत नाही म्हणून, हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. अगदी तयार. दोन दिवसांपूर्वी वाचलेलं पान आठवलं म्हणून की काय, मी ते गिळले.

"मला ती तुमच्याकडे नको होती," मी म्हणाले.

"तुझीच मुलगी."

"हो."

बाईंनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. त्या रागावल्या. म्हणाल्या, "मला दिसत नाही म्हणून दोन्हीकडून फसवता येईल असं वाटलं तुला. त्याचा मला राग आलाय. उद्या येऊ नकोस. परवा ये. आणि पोरीला तू सांगायचंस, मी नाही सांगणार."

एक दिवस फाटकाबाहेर. त्या एका दिवसात मी आमच्या घरातले सगळे डबे घासले.

मुलीला मात्र बाईंकडून आले त्याच संध्याकाळी सांगितलं. माझ्या दंडावर, मानेवर लाल चट्टे उठले होते आणि ती खोबरेल तेल लावत होती. तोंड तिच्याकडे नव्हतं, म्हणून सांगता आलं. खोटं बोलले ते, आणि का बोलले ते. तिचा हात थांबला. मला वाटलं खोट्याबद्दल भांडेल. तिनं विचारलं, "तू मॅडमना वाचून दाखवतेस? तू?"

"सात वर्षं."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?" मी म्हणाले. मग तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही बोलले. "आणि पानांचा पॉइंट तुझा नाही. माझा आहे."

ती चिडून म्हणाली, "मग काय करू? कुठून घेतलं ते खाली लिहावं लागतं. पुस्तकाचं नाव आणि पान नंबर. तुझा पान नंबर काय?"

मला राग आला आणि हसूही आलं. तिला हसू आलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते बरोबरच होतं. फोन करून बाईंची चौकशी करणारी ती होती, आणि खोटं बोलणारी मी.

तिसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. सरांनी वर्गात वाचला तो कच्चा मसुदा होता, प्रोजेक्ट अजून द्यायचं होतं. पानाखाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ वाढवली होती. मी म्हणाले, मराठीत सांग. ती म्हणाली, "लिहिलंय की ही माहिती माझ्या आईकडून मिळाली. ती सात वर्षं अंजिराच्या झाडाची छाटणी करते." त्या ओळीत माझं नावही आहे. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण माझं नाव बँकेच्या पासबुकावर आहे, तेवढं मी ओळखते. तिला न दाखवता मी ते दोनदा ओळखून पाहिलं.

बाईंकडे आता असं ठरलंय की शनिवारचा तास मुलीचा, बाकीचे दिवस माझे. बाईंनीच ठरवलं, आम्हाला दोघींना विचारलं नाही. सुरुवातीला माझ्याशी त्या जरा तुटक होत्या. मी वाचताना तोंड खिडकीकडे असायचंच, पण आता मला ते कळत होतं, म्हणून मी जास्तच अडायचे. हळूहळू तीही सवय झाली. अंजिराला यंदा अकरा फळं धरलीत. परवा एक नरम लागलं, मी आवारातून हाक मारून विचारलं, तोडू का म्हणून. बाई आतून म्हणाल्या, मला काय विचारतेस? तरी मी त्या बाहेर येईपर्यंत थांबले. सवय जात नाही.

आता शनिवारी लसूण घेऊन मी दारात बसत नाही. दुसरं स्टूल आणून त्यांच्याजवळ बसते. गेल्या शनिवारी मुलगी वाचत होती. एका लांबलचक शब्दाशी ती अडली. मी तिला कधी अडताना ऐकलं नव्हतं. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडली, कानामागे केस सारले. बाईंनी सावकाश तोंड खिडकीकडे वळवलं.

म्हणजे त्या तिला बघत होत्या.

हेव्याचं तेच जुनं दुखणं पुन्हा उठलं. वाटलं होतं गेलं असेल, पण नव्हतं गेलं. मी उठून चहा ठेवायला गेले. दूध उतू जाईपर्यंत उभी राहिले. मग तीन कप मांडले आणि मुलीच्या कपात साखर पुरेपूर घातली.